कुंडीतला अनंत पिवळा का पडला: एका झाडाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे झाड एका काकूंचं. नावगाव देत नाही. ओळख पटू नये म्हणून एकदोन बारीक तपशीलही बदलले आहेत. झाडाचे तपशील मात्र माझ्या वहीतले, जसेच्या तसे आहेत.

रत्नागिरीजवळ काकूंचं माहेर. मागच्या पडवीपाशी त्यांच्या आईनं लावलेला दुहेरी पाकळ्यांचा अनंत होता. आई गेली त्या वर्षी, जुलै 2018 मध्ये, भावानं त्याच्या एका फांदीला गुटी बांधली. ऑक्टोबरात मुळं धरल्यावर ती कापून पिशवीत लावून दिली. काकूंनी ती एसटीत मांडीवर धरून पुण्याला आणली. म्हणून यात 'झाड मेलं तर दुसरं आणू' हा पर्याय पहिल्यापासून नव्हताच, आणि पुढचे बरेचसे निर्णय त्यामुळे जास्त जपून घ्यावे लागले.

अनंत हे कॉफीच्या कुळातलं सदाहरित झुडूप. मूळचं चीन-जपानकडचं. आपल्या सह्याद्रीतला डिकेमाली हा त्याचा भाऊबंद. कोकणात मात्र अनंत असा काही रुजलाय की परसातल्या विहिरीइतकाच तो तिथला वाटतो. जाड, चकचकीत, काळपट हिरवी पानं, पावसाळ्याच्या तोंडाशी पांढरीशुभ्र फुलं. अंबाड्यात एकच खोचलं तरी माजघरभर वास. फूल दोनतीन दिवसांत साईच्या रंगाचं होतं, मग पिवळट पडतं. तेव्हाही वास जात नाही.

सदाशिव पेठेतल्या जुन्या घरात हे झाड मातीच्या कुंडीत, जिन्याच्या तोंडाशी होतं. सकाळचं ऊन, दुपारी सावली, कॉर्पोरेशनच्या नळाचं पाणी. 2020 आणि 2021 अशी दोन्ही वर्षं त्याला फुलं आली. मग घर पुनर्विकासाला गेलं आणि नोव्हेंबर 2021 मध्ये काकू शहराच्या पश्चिमेला एका नव्या सोसायटीत, सहाव्या मजल्यावर राहायला गेल्या. बाल्कनी पूर्वेची, वर स्लॅब. मातीची कुंडी हलवताना तडकली, म्हणून जानेवारीत झाड सिमेंटच्या मोठ्या कुंडीत लावलं. खाली प्लॉटवर खणलेली काळी माती आणि शेणखत. सगळं मनापासून केलेलं.

अडचण

2022 च्या ऑगस्टात नवी पानं फिकी यायला लागली. सुरुवातीला पोपटी वाटली, कोवळी आहेत म्हणून असेल असं समजून सोडून दिलं. दिवाळीपर्यंत शेंड्याची पानं लिंबाच्या सालीसारखी पिवळी झाली. त्या वर्षी कळ्या धरल्या पण वाटाण्याएवढ्या होऊन गळल्या. डिसेंबरात शेंड्याच्या तीन फांद्यांची पानं जवळजवळ पांढरी पडून कडेनं करपायला लागली.

या चार महिन्यांत झाडाला काय काय दिलं, त्याची यादी मी नंतर काकूंकडून लिहून घेतली. ती वाचताना माझ्या पोटात कालवलं, कारण त्यात एकही गोष्ट आळसानं झालेली नव्हती.

गांडूळखत दोनदा. 19:19:19 हे रासायनिक खत दर पंधरा दिवसांनी. फुलं येत नाहीत म्हणून नर्सरीत सांगितलेला हाडांचा चुरा, दोन मुठी. अंड्याच्या टरफलांची पूड, कारण शेजारच्या ताईंच्या गुलाबाला ती मानवली होती. कुणीतरी सांगितलं म्हणून विड्याचा चुना पाण्यात कालवून एकदा. आणि रोज सकाळी आरओचं वाया जाणारं पाणी. ते काकू बादलीत साठवायच्या, 'पाणी फुकट घालवायचं नाही' या शिस्तीनं. पाण्याची ही शिस्त त्या पिढीनं कमावलेली आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे.

पहिलं निदान, आणि ते का चुकलं

जानेवारी 2023 मध्ये काकूंनी मला बोलावलं. मी काही वर्षं ओळखीपाळखीत गच्ची-बाल्कनीच्या बागा बघून देते, तेवढाच माझा अधिकार. गेले ती संध्याकाळी सात वाजता, कामावरून परतताना. बाल्कनीत पिवळा दिवा होता. त्या उजेडात पानं पिवळी आहेत एवढंच दिसलं, कशी पिवळी आहेत ते दिसलं नाही.

मातीत बोट घातलं तर ओल होती. मी दोन गोष्टी सांगितल्या: पाणी कमी करा, आणि मॅग्नेशियम कमी पडत असेल, तर एप्सम सॉल्ट अर्धा चमचा लिटरभर पाण्यातून द्या. कुंडीतल्या पिवळ्या पानांना बहुतेक वेळा हेच उत्तर असतं, म्हणून सवयीनं दिलं. तीन आठवडे गेले. फरक शून्य. उलट पाणी कमी केल्यानं उरल्यासुरल्या कळ्याही गळल्या.

मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं काढून नव्या पानांना देतं. म्हणून पिवळेपणा खालच्या, जुन्या पानांवर आधी येतो. लोहाचं तसं नाही. एकदा पानात बसलेलं लोह झाडाला सहजी हलवता येत नाही, म्हणून ते कमी पडलं की शेंड्याची कोवळी पानं आधी पिवळी होतात आणि जुनी हिरवीच राहतात. हे मला पाठ होतं. तरी त्या संध्याकाळी मी पान शेंड्याचं आहे की बुडाचं हे विचारलंच नाही. मी पहिला प्रश्न विचारायला हवा होता तो वेगळाच: झाड बिघडलं कधीपासून, आणि त्याच्या आधी काय बदललं? त्या एका प्रश्नानं कुंडी, माती आणि पाणी या तिन्ही गोष्टी एकदम समोर आल्या असत्या.

केवडा

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी पुन्हा गेले. काकूंनी कुंडी लिफ्टनं खाली आणवली होती, मोकळ्या उन्हात बघता यावी म्हणून. सोसायटीचे वॉचमन सांगलीकडचे, घरी ऊस. ते जवळ आले, एक पान हातात धरून म्हणाले, "ताई, ह्येच्यावर केवडा पडलाय की. आमच्या उसाला अस्साच पडतो. हिराकस मारा."

मी ते पान सूर्याकडे धरून बघितलं. पातं पूर्ण पिवळं आणि त्यात शिरांची जाळी हिरवीगार, जणू कुणी बारीक टाकानं आखलेली. मधली शीर, तिच्यातून फुटलेल्या फाट्या, त्या फाट्यांच्याही फाट्या. खालची जुनी पानं मात्र काळपट हिरवी, निरोगी. उसावरचा केवडा म्हणजे लोहाची कमतरता, चुनखडीच्या जमिनीत हमखास दिसणारी. आणि हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. शेतकरी माणसानं दोन वाक्यांत निदान आणि उपाय दोन्ही सांगितले होते.

तरी एकदा हात पोळल्यामुळे या वेळी खात्री करून घ्यायची ठरवली. कुंडीच्या कडेवर पांढरा खरखरीत थर होता. तो नखानं खरवडून बशीत घेतला आणि वर लिंबू पिळलं. थर सोड्यासारखा फसफसला. मग मातीच्या वरच्या थरावर पिळलं, तीही फसफसली, जरा हळू. काकू म्हणाल्या, "अगं, म्हणजे मातीत चुना आहे?" होता. भरपूर होता.

दुसरी खात्री पानावर केली. अर्धा लिटर आरओच्या शुद्ध पाण्यात एक ग्रॅम हिराकस, लिंबाचे चार थेंब. नातवाच्या रंगपेटीतला ब्रश घेऊन शेंड्याच्या तीन पानांचा फक्त उजवा अर्धा भाग त्या पाण्यानं रंगवला, दोन दिवसांच्या अंतरानं दोनदा, संध्याकाळी. डावा अर्धा तसाच ठेवला. नवव्या दिवशी काकूंनी फोटो पाठवला. मधल्या शिरेच्या एका बाजूला पान हिरवं, दुसऱ्या बाजूला पिवळं, मध्ये सरळ रेष. इतकी वर्षं मी हे वाचत आले होते, डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं.

माती सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत दिली. अहवालात सामू (पीएच; 7 च्या खाली आंबट, वर अल्कधर्मी) 8.3, मुक्त चुना 11 टक्के, उपलब्ध लोह 3.1. लोहासाठी 4.5 च्या खाली म्हणजे कमी. अनंताला सामू 5 ते 6.5 च्या दरम्यान लागतो. पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, साध्या मीटरनं मोजला: बाल्कनीच्या नळाचं, म्हणजे बोअर आणि टँकरचं मिसळलेलं पाणी 620, आरओचं टाकाऊ पाणी 800 च्या आसपास, आरओचं शुद्ध पाणी 60.

आता सगळं जुळलं. पुण्याखालचा खडक बेसाल्टचा. तो झिजून होणाऱ्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात आणि त्या खडकातून उपसलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटनं जड असतं. गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर तोच. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यानं लाखो वर्षांत चुना धुऊन नेलेला आहे आणि मागे लोह-अ‍ॅल्युमिनियमनं भरलेला आंबूस जांभा उरला आहे. अनंत त्या मातीवर वाढलेला. पेठेतल्या घरी खडकवासल्याचं धरणाचं, तुलनेनं हलकं पाणी मिळत होतं, म्हणून तिथे तो तगला.

नव्या घरी काळी माती, तिच्यात पाझरणारा सिमेंटच्या कुंडीचा चुना, बोअरचं पाणी आणि त्याहून जड असं आरओचं टाकाऊ पाणी. वर उपचार म्हणून टरफलं, हाडांचा चुरा आणि चक्क विड्याचा चुना. मायेनं दिलेलं जवळजवळ सगळंच चुन्याच्या जातीचं होतं. मातीत लोह नव्हतं असं नाही, बेसाल्टच्या मातीत ते पुष्कळ असतं. पण सामू साडेसातच्या वर गेला की ते विरघळत नाही आणि मुळांना असून नसल्यासारखं होतं. हाडांच्या चुऱ्यातल्या स्फुरदानं त्यात भरच घातली.

हे सांगितल्यावर काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मीच मारत होते त्याला." तसं अजिबात नव्हतं आणि ते मी त्यांना समजावत बसले, कारण त्या क्षणी झाडापेक्षा ते महत्त्वाचं होतं. ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला, त्यांच्या झाडांना तो लागू पडलेलाच होता. गुलाबाला, तगरीला, जास्वंदीला थोडा चुना चालतो. अनंताला चालत नाही.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, फक्त हिराकस फवारत राहायचं. स्वस्त आणि झटपट. पण फवाऱ्यानं तेवढीच पानं हिरवी होतात, पुढची पालवी पुन्हा पिवळीच येते. मातीत हिराकस घालून तर काहीच साधत नाही. चुनखडीच्या मातीत ते तासाभरात गंजून तांबूस गाळ होऊन बसतं.

दुसरा, पाण्यात लिंबूसत्त्व घालून ते आंबट करायचं. हिशेब केला तर दहा लिटरच्या बादलीला साधारण चार ग्रॅम लागत होतं. पाण्यापुरतं हे ठीक, पण मातीतले जीवाणू असली सेंद्रिय आम्लं खाऊन टाकतात आणि कुंडीत आधीच साठलेल्या 11 टक्के चुन्यापुढे चार ग्रॅमांचा काय पाड? गंधकाची भुकटीही याच कारणानं बाजूला ठेवली. ती शेतात, महिनोन्महिने वाट बघायची तयारी असेल तर चांगली.

तिसरा, चिलेटेड लोह, म्हणजे मातीत गाळ होऊ नये म्हणून दुसऱ्या रेणूच्या पकडीत धरलेलं लोह. दुकानात सहज मिळतं ते ईडीटीए प्रकारचं. पण ते सामू साडेसहाच्या पुढे लोह धरून ठेवत नाही, डीटीपीए साडेसातपर्यंत धरतं. 8.3 च्या मातीत टिकतं ते ईडीडीएचए. महाग असतं, गडद लालसर रंगाचं. फरक माहीत नसेल तर माणूस ईडीटीएचं पाकीट आणतो, महिनाभर घालतो आणि लोहानं काही होत नाही असं ठरवून मोकळा होतो. हे मी दोनचार घरांत बघितलं आहे.

चौथा, कुंडी, माती आणि पाणी तिन्ही बदलायचं. मुळावर घाव घालणारा उपाय, पण अनंताची मुळं नाजूक आणि झाड आधीच अशक्त. हलवताना ते दगावण्याची भीती खरी होती.

पाचवा पर्याय मी बोलून दाखवला कारण तो प्रामाणिक होता: झाड परत रत्नागिरीला भावाकडे पाठवायचं आणि बाल्कनीत कुंती किंवा तगर लावायची. इथल्या पाण्यात त्या आनंदानं फुलतात. काकूंनी ऐकून घेतलं, दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणाल्या. "तिकडे आईचं झाड आहेच. इथे मला हवंय." माझ्या मते हा निर्णय त्यांचाच होता आणि तो घेतल्यावर चौथ्या पर्यायाला पर्याय उरला नाही.

काय केलं

माती भावानं पाठवली, जांभ्याची लाल माती एक पोतं. पुण्यात नर्सरीतून मिळणारी लाल माती आणायला हरकत नव्हती, पण ती कुठली असेल याचा भरवसा नसतो. आणायचीच तर आधी लिंबू पिळून बघावं. दोन घमेली लाल माती, दोन घमेली पालापाचोळ्याचं जुनं खत, एक घमेलं कोकोपीट. कोकोपीट तीन पाण्यांनी धुतलं, कारण त्यात बऱ्याचदा मीठ असतं. मूठभर निंबोळी पेंड. कुंडी चौदा इंची प्लॅस्टिकची, बुडाला भोकं वाढवून.

25 फेब्रुवारीला झाड काढलं. मुळांचा गोळा बाहेर आला तेव्हा सिमेंटला टेकलेल्या बाजूची मुळं तपकिरी, बोथट दिसली. पांढरी जिवंत टोकं होती ती गोळ्याच्या आत, सिमेंटपासून लांब.

इथे सगळ्यात अवघड निर्णय आला. माती पूर्ण धुऊन काढायची की अर्धीच? पूर्ण धुतली तर चुना निघून जाईल, पण बारीक मुळंही जातील आणि पुढे उन्हाळा. अर्धी ठेवली तर गोळ्याच्या पोटात जुनी माती राहील. मी अर्धी काढली. बाहेरचे दोनतीन इंच बांबूच्या काडीनं हलकेच मोकळे केले, आतला गाभा तसाच ठेवला. करपलेले शेंडे छाटले, बाकी छाटणी नाही.

ईडीडीएचए एक ग्रॅम, लिटरभर पाण्यातून मुळाशी. तीन आठवड्यांनी पुन्हा तेवढंच. नवी मुळं धरेपर्यंत पानांना आधार म्हणून हिराकसचा फवारा. आणि इथे मी घाई केली. शेतातल्या पिकाला लिटरला पाच ग्रॅम देतात म्हणून तेवढंच घेतलं, आणि सोयीचं म्हणून सकाळी दहा वाजता मारलं. दुसऱ्या दिवशी पानांवर काळे डाग. दोन ग्रॅम, तेही ऊन उतरल्यावर आणि आधी एका फांदीवर, असं करायला हवं होतं. बाल्कनीच्या फरशीवर पडलेले थेंब गंजाचे डाग होऊन आजही आहेत.

पाण्याचा प्रश्न सगळ्यात जास्त चर्चेचा ठरला. आरओचं शुद्ध पाणी झाडाला घालायला काकू तयार नव्हत्या. "पिण्याचं पाणी कुंडीत ओतायचं? माझ्यानं होणार नाही." मी हिशेब मांडला: उन्हाळ्यात ही कुंडी रोज लिटर-सव्वा लिटर पिते, त्यासाठी जे तीन लिटर टाकाऊ पाणी निघेल ते लादी पुसायला आणि संडासला जाईलच. हिशेब त्यांना पटला, मनाला पटला नाही. शेवटी वाट निघाली ती अशी. जून ते सप्टेंबर पावसाचं पाणी, बाल्कनीच्या कठड्याबाहेर लावलेल्या पन्हळीतून पिंपात. मे महिन्यात एसीच्या नळीचं पाणी, बाटलीत धरून. ते पावसाच्या पाण्यासारखंच हलकं असतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत एसी फारसं पाणी देत नाही, तेव्हा आणि हिवाळ्यात साठवण संपली की आरओचं शुद्ध पाणी. आरओचं टाकाऊ पाणी या कुंडीला पूर्ण बंद.

खत म्हणून महिन्यातून एकदा पाव चमचा अमोनियम सल्फेट, कारण त्यानं मातीचा सामू वाढत नाही, थोडा उतरतो. बाकी सगळे डबे फडताळात गेले.

काय झालं

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात खोडाच्या मध्यावरून पालवी फुटली. ती पोपटी होती, आठवड्यानं हिरवी झाली, पंधरा दिवसांनी तिच्यावर ती ओळखीची चकाकी आली. काकूंनी रोज एक फोटो पाठवला, एकही दिवस चुकवला नाही.

एप्रिलमध्ये अकरा कळ्या धरल्या. झाडाला जास्त ऊन मिळावं म्हणून मी कुंडी कठड्याच्या टोकाला सरकवायला सांगितली. चार दिवसांनी फार तापतंय म्हणून परत आत, मग पुन्हा मधे. तीन हालचालींत सात कळ्या गळल्या. अनंत कळीवर असताना जागा, ऊन, ओल यांतला कुठलाच बदल सोसत नाही. हे मी सांगायला हवं होतं, आणि मीच मोडलं.

उरलेल्या चारांपैकी पहिली कळी 14 जूनच्या रात्री उमलली. बाहेर पाऊस नव्हता, नुसतं भरून आलं होतं. कळीचा हिरवट मळसूत्री पीळ संध्याकाळी सैल झाला होता. रात्री अकरा वाजता पाकळ्या बाहेरच्या बाजूनं एकेक सुटत गेल्या. काकूंनी मला फोन करून काही सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "वास येतोय का बघ," आणि फोन झाडाजवळ धरला.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पांढऱ्या पडलेल्या तीन फांद्यांतली एक वाळून गेली. काळे डाग पडलेली पानं तशीच राहिली आणि वर्षभरानं गळाली. 2023 च्या ऑक्टोबरात, पिंपातलं पाणी संपल्यावर पंधरा दिवस झाडाला नळाचं पाणी घातलं गेलं, तर शेंडा लगेच फिकुटला. गोळ्याच्या पोटातली जुनी माती त्याला कारण. त्या गाभ्यामुळे वर्षभरात आणखी दोनदा ईडीडीएचए द्यावं लागलं. 2024 च्या उन्हाळ्यात कुंडी एकाच जागी राहिली आणि जून-जुलैत एकोणीस फुलं आली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी सुरक्षेसाठी कलमं. मी एकुलत्या एका झाडाची मुळं उघडी केली आणि हाताशी दुसरं काही नव्हतं. निरोगी फांद्यांच्या चार काड्या आधीच कापून पाण्यात ठेवल्या असत्या तरी पुरे होतं. अनंताच्या काडीला पाण्यातही मुळं फुटतात. आईच्या झाडाची गुटी पुन्हा मिळाली असती, पण काकूंनी मांडीवर आणलेली ती मिळाली नसती.

मातीचा प्रश्न माझ्या मनात अजून सुटलेला नाही. अर्धी माती ठेवल्यामुळे झाड वाचलं असं मला वाटतं. पण हेच काम फेब्रुवारीऐवजी जूनच्या शेवटी, हवा दमट झाल्यावर केलं असतं तर पूर्ण धुण्याचं धाडस करता आलं असतं. मग वर्षभराचं महागडं लोह वाचलं असतं. उलट बाजूनं, फेब्रुवारी ते जून अशा अवस्थेत झाड टिकलं असतं का? शेंडे ज्या वेगानं पांढरे पडत होते ते बघता मी पुन्हा बहुधा फेब्रुवारीच निवडेन, फक्त त्याआधी आठवडाभर ईडीडीएचए देऊन.

माती परीक्षण पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. कुंडीभर मातीसाठी कुणी प्रयोगशाळेत जात नाही हे खरं, पण निदान लिंबू तर घरात असतंच. आणि पानं बघायची ती दिवसाउजेडी. आता मी संध्याकाळी कुणाकडे झाड बघायला जात नाही.

वॉचमनकाकांना काकूंनी पहिल्या वर्षीचं दुसरं फूल दिलं. त्यांनी ते खिशाला लावलं आणि रात्रपाळीभर तसंच ठेवलं.

सध्या सोसायटीत पाणी मृदू करायचं यंत्र, सॉफ्टनर, बसवायची चर्चा चालू आहे. काकूंनी विचारलं, आता नळाचं पाणी चालेल ना? चालणार नाही. ते यंत्र पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम घालतं आणि बायकार्बोनेट जसंच्या तसं सोडतं. गिझरला ते पाणी उत्तम, अनंताला उलट आणखी वाईट. त्यामुळे पन्हळ, पिंप आणि एसीच्या नळीखालची बाटली तिथेच राहणार आहेत. यंदाच्या जुलैत काकूंनी एका फांदीला स्वतःच्या हातानं गुटी बांधली आहे.